आईचा व्यवसाय

थोर माणसांच्या आठवणी सांगावयाच्या तर त्यांचीं नांवें तरी श्रोत्यांना ठाऊक असतात. आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें तिचें नांव आपण ऐकलेलें नाहीं, आणि तें मी सांगणारहि नाहीं. कारण डिलाइल रोडवरच्या आमच्या चाळींत तिला नांवानें हाक मारणारें कोणी नव्हतेंच. गांवकरी तिला 'वैनी' म्हणत, परगांवचे 'मावशी' म्हणत, आणि महिन्याचें देणें थकलें म्हणजे दोघेहि 'आई' म्हणत. माझी तर ती खरोखरीचीच आई. मुंबईच्या गिरणगांवांत तिनें ३५ वर्षें खाणावळ चालविली. तिच्याविषयीं बोलण्याची माझी इच्छा जुनी आहे. पण त्या इच्छेच्या पोटांत एक कबुलीहि आहे, आणि ती दिल्यावांचून हें भाषण पुरें व्हावयाचें नाहीं.

खाणावळ म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पाटी, बांकडीं, गल्ल्यावर बसलेला मालक असें कांहीं चित्र उभें राहील. आमच्या खाणावळीला यांतलें कांहीं नव्हतें. बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांची एक खोली. तिच्या एका कोपऱ्यांत चूल आणि मोरी, दुसऱ्या कोपऱ्यांत आमच्या वळकट्या, आणि मधल्या जागेंत भिंतीला पाठ लावून सहा माणसें जेवावयास बसत. तीं उठलीं कीं जागा पुसून दुसरीं सहा. तेंच आमचें घर, तेंच दुकान, आणि शेवटची पंगत उठल्यावर तीच माझी अभ्यासाची खोली.

एवढ्याशा खोलींत इतकीं माणसें जेवावयास कां येत, याचें कारण मुंबईच्या इतिहासांत आहे. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं येथली पहिली कापडगिरणी स्थापिली; ताडदेवच्या त्या गिरणीचें काम १८५६ सालीं सुरू झालें. त्यानंतर शंभरावर वर्षें कोंकणांतून आणि घाटावरून माणसें या गिरण्यांकडे येत राहिलीं. पण आला तो बहुतेक एकटा पुरुष. त्याची बायको, म्हातारे आईबाप आणि चार कुणग्यांची शेती गांवींच राहिली. येथें एकेका खोलींत पंधरा-वीस गांवकरी पाळीपाळीनें निजत; एकाची वळकटी उचलली कीं त्याच जागेवर दुसऱ्याची पसरावयाची. झोंपेची सोय अशी झाली. पण जेवणाचें काय? आठ तास साच्यापुढें उभें राहून आलेल्या माणसानें चूल केव्हां पेटवावी? ज्या थोड्या बायका नवऱ्यांमागून मुंबईस आल्या होत्या, त्यांनींच ही अडचण सोडविली. आपल्या घरच्या भातांत त्यांनीं आणखी दोन मापें तांदूळ घातले, एवढाच या धंद्याचा आरंभ.

माझी आई मालवणजवळच्या एका खेड्यांतली. १९४९ सालीं पावसाळा सरून किनाऱ्याच्या बोटी सुरू झाल्या तेव्हां ती वडिलांबरोबर निघाली. वय एकोणीस. बोट बंदरापासून दूर उभी राही; पडावांत बसून तेथवर जावें लागे. दोनच वर्षांपूर्वीं, १७ जुलै १९४७ रोजीं, मुंबईहून रेवसला जाणारी 'रामदास' बोट बुडून सहाशेंवर माणसें गेलीं होतीं, आणि किनाऱ्यावरच्या घरोघरीं ती बातमी अजून ताजी होती. आजीनें सुनेच्या ओटींत नारळ घातला आणि बजावलें कीं, हा घरीं परत आल्यावरच फोडावयाचा. आई भाऊच्या धक्क्यावर उतरली ती तो नारळ घट्ट धरून. पुढें आमच्या देवाच्या फळीवर तो सुकून त्याचा गोटा झाला. कारण ती गांवीं जाऊन येई, पण 'घरीं परत' अशी कधीं गेलीच नाहीं.

गांवाकडे मुंबईस गेलेल्या पुरुषाला चाकरमानी म्हणतात. गणपतीला तो आला कीं त्याच्या ट्रंकेभोंवतीं पोरें जमतात. आईला मात्र 'चाकरमान्याची बायको' म्हणत. आणि पुढें चाकरमान्यांना जेवूं घालून तिनें दोन घरें चालविलीं, एक येथलें आणि मनीऑर्डरीनें गांवचें, तरी तें संबोधन कांहीं बदललें नाहीं.

खाणावळ ठरवून सुरू झाली नाहीं. वडील एका गिरणीच्या साचाखात्यांत होते. १९५१ सालीं, म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षीं, त्यांच्या वाडींतले दोन तरुण नुकतेच कामाला लागले आणि पाव-चहावर दिवस काढूं लागले. वडिलांनीं त्यांना जेवावयास आणलें. महिना भरल्यावर त्यांनीं आपण होऊन पैसे पुढें केले. आईनें ते प्रथम नाकारले, मग वाण्याची बाकी आठवून घेतले. पांच-सात वर्षांत त्या दोघांचे सोळा झाले.

पहांटे तीनला ती उठे. चार वाजले कीं नळाला हंड्यांची रांग लागे, म्हणून तिचें पाणी त्याआधीं भरलेलें असे. सातच्या पाळीवाल्यांचे डबे साडेसहाला दाराशीं तयार. रातपाळी संपवून आलेल्यांना सकाळीं आठला भात हवा, दुपारच्या पाळीला जाणाऱ्यांना दोनला. सकाळपाळीचे लोक संध्याकाळीं येत, आणि दुपारपाळीचे मध्यरात्रीनंतर, त्यांचीं ताटें झांकून ठेवावीं लागत. गिरणीच्या तीन पाळ्यांना तीन वेगळे कामगार होते; आईच्या तिन्ही पाळ्या तिच्या एकटीच्याच. जेवण साधें असे. भात, कुळथाची पिठी किंवा आमटी, एक भाजी, आणि सोमवार-गुरुवार सोडून माशाचें तिखलें. बांगडा महागला कीं सुकट. माळकऱ्याचें भांडें वेगळें. पगारानंतरच्या रविवारीं वडे आणि कोंबडी. त्या दिवशीं पंगत गॅलरींतहि बसे, आणि चाळींतल्या लहान मुलांना कांहीं ना कांहीं मिळाल्यावांचून ती उठत नसे.

जेवण साधें, पण धंद्याचें गणित साधें नव्हतें. भूक रोजची, पैसे महिन्याचे. खाणावळीच्या गिऱ्हाइकाला आमच्याकडे मेंबर म्हणत. मेंबर पगार झाल्यावर पैसे देई. तोंवर तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल सारें वाण्याकडून उधार. १९६० च्या सुमारास दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला २५ रुपये ती घेई. त्यांतून वाण्याचे, कोळशाचे, मासळीवालीचे पैसे वजा जातां जें उरे तें आमच्या पोटापुरतें. थोडक्यांत, सोळा माणसांना रांधण्याची मजुरी म्हणून तिच्या मुलांना जेवण मिळे. बदली कामगाराला महिन्यांत कधीं दहाच दिवस काम लागे; भूक मात्र तीस दिवस लागे. गणपतींत आणि शिमग्यांत मेंबर गांवीं जात. खोलीचें भाडें गांवीं जात नसे. जूनमध्यें आमच्या वह्यापुस्तकांसाठीं आणि पावसाळ्याआधीं कोळसा भरून ठेवण्यासाठीं तिच्या हातांतल्या दोन पाटल्या शेंकडा दहा रुपये दरमहा व्याजानें सावकाराकडे जात, आणि दिवाळीला मेंबरांचा बोनस झाला कीं परत येत. आईच्या मनगटाकडे पाहून आम्हां भावंडांना महिना ओळखतां येई.

तिला लिहितांवाचतां येत नव्हतें. तरी तिची एक वही होती. प्रत्येक मेंबराचें एक पान, आणि पानाच्या डोक्यावर त्याची खूण. कोणाची छत्री, कोणाची ढोलकी, माळकऱ्याची तुळस. एका जेवणाला एक टिंब; जेवण चुकलें तर पोकळ वर्तुळ. पैसे मिळाले कीं त्या ओळीवर उभी रेघ. त्या वहींतला हिशेब कोणी नाकारल्याचें मला आठवत नाहीं. तिचा नियम एकच होता, आणि तो तिच्या मालवणींतच सांगावयास हवा: "आधी वाढूचा, हिशोब मगे."

१९५८ सालीं वडील शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयांत वारले. मी सात वर्षांचा, बहीण चार वर्षांची. सुतकाच्या घरीं कोण जेवणार? त्या तेरा दिवसांत तिचे सारे मेंबर वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या एका खाणावळवालीनें सांभाळले. आणि चौदाव्या दिवशीं सकाळीं, एकालाहि ठेवून न घेतां, परत धाडले. धंद्यांत स्पर्धा असते असें मीं पुढें पुस्तकांत वाचलें. तेथें मला हा चौदावा दिवस नेहमीं आठवे.

आतां ती कबुली. १९६९ सालीं मी मॅट्रिक झालों आणि कॉलेजांत नांव घालावयास निघालों. प्रवेशाच्या छापील अर्जावर 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना होता. आदल्या रात्रीं पंगत उठल्यावर त्याच पुसलेल्या जमिनीवर बसून मीं अर्ज भरला. श्रोतेहो, मला त्या खोलीची लाज वाटत होती. माझ्या सदऱ्याला येणारा फोडणीचा वास, सकाळीं डबे पोंचवितांना भेटणारा एखादा वर्गबंधु, मेंबरांचीं ताटें घासून पांढऱ्या पडलेल्या माझ्या बोटांच्या पेरा, या साऱ्यांची लाज वाटत होती. मीं त्या रकान्यांत लिहिलें, 'शेती'. गांवीं चार कुणगे होते. तेव्हां तें अगदींच खोटें नव्हे, अशी मीं मनाची समजूत घातली.

आई चुलीपाशीं झांकापाक करीत होती. तिनें विचारलें, "काय लिवलंस रे झिला?"

मीं म्हटलें, "खाणावळ."

"बरा झाला," ती म्हणाली, आणि निखाऱ्यावर राख ओढूं लागली.

निरक्षर आईशीं अक्षरांच्या आधारानें खोटें बोलणें किती सोपें असतें, हें मला त्या रात्रीं कळलें. तें किती जड असतें, हें कळावयास आणखी आठ वर्षें लागलीं.

तीं वर्षें महागाईचीं होतीं. दुष्काळ पडला, रेशनवर धान्य मिळेना. १९७२ सालीं मुंबईंत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिति स्थापन झाली, आणि हातांत लाटणीं घेतलेल्या बायकांचे मोर्चे निघूं लागले. आई एका मोर्चाला गेली. परतल्यावर तेंच लाटणें धुऊन तिनें संध्याकाळच्या पोळ्या लाटल्या. पुढें १९७४ च्या आरंभीं गिरण्यांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला. त्या संपांत कामगारांना उधारीवर जेवूं घातलें तें गिरणगांवांतल्या या खाणावळवाल्यांनीं, आणि सावकाराच्या विळख्यांत सांपडल्या त्याहि त्याच. गोव्याच्या मुक्तिलढ्यांत भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांच्या नजरेस ही गोष्ट आली. १९७५ सालीं त्यांनीं चौदा बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलें. १९६९ सालीं बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें होतें. पण राष्ट्राची झालेली बँक खाणावळवालीची व्हावयास मध्यें असें कोणी तरी लागतें. तारण नाहीं, दुकान नाहीं, पाटी नाहीं. तेव्हां एकीची हमी दुसरीनें घ्यावयाची, या तत्त्वावर त्यांना कर्जें मिळूं लागलीं.

आई १९७७ सालीं त्यांच्यांत सामील झाली. त्याआधीं महिनाभर शेजारच्या मुलीकडून ती सही शिकली. वहींतल्या टिंबांसारखींच गोल गोल अक्षरें. अर्ज भरून देण्यासाठीं ती मला घेऊन गेली. मी तोंवर शाळेंत मास्तर झालों होतों. पुन्हां तोच रकाना समोर आला. या वेळीं मीं ठळक अक्षरांत 'खाणावळ' असें लिहिलें, आणि सहीसाठीं कागद तिच्यापुढें सरकविला. तिनें सही केली. मग त्या रकान्यावर बोट ठेवून ती हलकेंच म्हणाली, "ह्या खेपेक बराबर लिवलंस."

आठ वर्षें तिला ठाऊक होतें. कोणीं सांगितलें, तें मीं विचारलें नाहीं. मेंबरांपैकीं कोणीं तरी तो अर्ज वाचला असावा. आठ वर्षें ती माझी फी भरीत होती, परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्रीं मला चहा करून देत होती, आणि तिनें एक शब्द काढला नव्हता. हिशेब मागाहून, हा नियम तिनें मलाहि लावला होता.

तरीहि मी पुरता शहाणा झालों नव्हतों. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. आईचे तेव्हां अठरा मेंबर होते. पहिले दोन महिने नेहमींचें जेवण चाललें. मग मासे बंद झाले, मग भाजी. पिठी आणि भात तेवढा राहिला. वाण्यानें हात आखडता घेतला. उन्हाळ्यांत तिच्या मनगटावरच्या पाटल्या गेल्या त्या या वेळीं गहाण नव्हे, विकल्या गेल्या. माझें लग्न झालें होतें, मूल लहान होतें, आणि माझा पगार तिच्या चुलींत जाऊं लागला होता. एके रात्रीं मीं तिला म्हटलें, "आतां पुरे कर. हे तुझे कोण लागतात?"

तिनें वर पाहिलें नाहीं. तांदूळ निवडतां निवडतां ती म्हणाली, "तेंच्या पैशार तू शिकलंस."

यावर काय बोलावें? मी अजूनहि समजतों कीं माझें म्हणणें हिशेबाच्या दृष्टीनें बरोबर होतें. खाणावळ त्या वर्षीं बुडत होती, आणि तिच्याबरोबर आमचें घरहि. पण आईच्या हिशेबाला माझ्या हिशेबापेक्षां एक पान अधिक होतें. मेंबरांचें तिच्याकडे येणें तिनें टिंबांनीं लिहून ठेवलें होतें. तिच्याकडून मेंबरांना असलेलें देणें, म्हणजे माझी फी, माझीं पुस्तकें, माझी मास्तरकी, हें तिनें कोठेंहि लिहिलें नव्हतें, पण विसरली नव्हती.

तो संप रीतसर मागें घेतला असें कधीं झालेंच नाहीं. तो विरत गेला. मेंबर एकेक करून गांवीं परतले. जातांना पायां पडत, आणि 'वैनी, पाठवून देतों' म्हणत. १९८६ सालीं शेवटचे तीन मेंबर उरले तेव्हां तिनें खाणावळ बंद केली. मीं वहींतलीं टिंबें मोजून बेरीज केली. येणें सात हजारांवर होतें. चौघांनीं पुढें आपली बाकी फेडली. त्यांतला ढोलकीवाला तीन वर्षें, दर दोन महिन्यांनीं, वीस वीस रुपयांची मनीऑर्डर करीत होता. एकानें पैशांऐवजीं कोकमांचें पोतें आणून टाकलें. बाकीच्यांचीं पानें तशींच राहिलीं. त्यांच्याविषयीं तिनें कधीं वांकडा शब्द उच्चारला नाहीं, आणि देणें माफ केलें असेंहि कधीं म्हटलें नाहीं. मात्र त्यांतला कोणी वारल्याची बातमी गांवाहून आली म्हणजे ती वही काढावयास लावी आणि त्याच्या पानावर आडवी रेघ ओढी. "मेलेल्या माणसाकडे मागणा नसता," असें म्हणे. जिवंत माणसाचें देणें उभें ठेवणें हा तिला त्याचा मान वाटत असे.

२००४ सालीं ती गेली. मृत्यूची नोंद करण्यासाठीं जो फॉर्म भरावा लागतो, त्यांतहि 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. तो मीं कोणास न विचारतां भरला. माझ्या हातून या रकान्यांत तिच्याविषयीं लिहिलें गेलें तें तिसऱ्यांदां आणि शेवटचें.

आज त्या भागांत गेलें तर गिरण्यांच्या जागीं उंच इमारती आणि झगझगीत बाजार उभे आहेत. गिरण्यांच्या इतिहासांत चात्या किती, साचे किती, कामगार किती, याचे आंकडे सांपडतात. चुली किती होत्या, हा आंकडा मला सांपडला नाहीं. ज्या बायकांच्या उधारीवर मुंबईचे संप टिकले आणि ज्यांच्या डब्यांवर तिचे साचे चालले, त्या कोणत्या खात्याच्या पटावर नव्हत्या. आणि पुष्कळदां, माझ्यासारख्या मुलांच्या कृपेनें, घरच्या अर्जांवरहि नव्हत्या. आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं अशी एखादी आई, आजी किंवा आत्या होऊन गेली असेल. कोणी पापड लाटले, कोणी शिवणाचें यंत्र चालविलें, कोणी दुधाचा रतीब घातला. तिची नोंद करण्याची वेळ आली, तर त्या रकान्यांत काय लिहावयाचें याचा आपण क्षणभर विचार करावा, एवढीच माझी विनंती आहे.

ती वही माझ्याजवळ आहे. अकरा पानांवर अजून आडवी रेघ नाहीं. त्यांतले किती जण हयात आहेत, मला ठाऊक नाहीं; असलेच तर ते आतां माझ्याहूनहि म्हातारे असतील. त्यांपैकीं कोणाच्या कानीं हें भाषण पडलें, तर त्यांनीं बाकीचा संकोच बाळगूं नये. जेवावयास यावें. आमच्याकडे अजूनहि आधीं वाढतात.